नागपुरी ओरखडे

शहर पाहण्याच्या ज्याच्या त्याच्या तऱ्हा असतात. कोणी देवळे पाहतो, कोणी किल्ले, कोणी बाजार. नागपूरला आलेल्या पाहुण्याला आम्ही नागपूरकर ठरावीक क्रमाने हिंडवतो. आधी झिरो माइलचा खांब आणि तिथले चार घोडे, मग दीक्षाभूमीचा शुभ्र घुमट, संध्याकाळी फुटाळा तलावाची हवा, रात्री सावजीचे झणझणीत जेवण, आणि गाडीत बसताना हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. पाहुणा खूश होतो आणि नागपूर पाहून झाले असे समजतो. गेले दोन महिने मी हेच शहर एका निराळ्या वाटेने पाहिले. माझ्या मोटारीच्या अंगावर ज्या रेघा, ठिपके आणि डाग आहेत, त्यांचा उगम शोधत मी हिंडलो.

हा उद्योग निव्वळ हौसेचा नव्हता. मोटार गडद निळ्या रंगाची, आठ वर्षांची. पैकी शेवटची तीन वर्षे माझ्याकडे. निवृत्तीच्या पैशातून जुनी म्हणून घेतलेली. नागपुरात शहाणी माणसे पांढरी मोटार घेतात. ती उन्हात कमी तापते, आणि तिच्यावरचा ओरखडा दहा पावलांवरून दिसत नाही. निळ्या मोटारीची मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात सारी कुंडली वाचता येते. दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचे ठरले, त्याबरोबर मोटारीचाही विषय निघाला. एका गॅरेजवाल्याने तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, जीभ टाळ्याला लावून दोनतीनदा चुकचुकला आणि म्हणाला, "साहेब, जागोजागी टचिंग करून काय होते? पुरी गाडी रंगवून टाका. नवी नवरी दिसेल!" नवरीचा आकडा पंचेचाळीस हजार. शेजारच्या गृहस्थांचे मत अगदी उलट पडले. बाजारात अडीचशे रुपयांत घासायचे कंपाऊंड मिळते, एक फडके घ्यावे आणि घासत सुटावे, त्यात शास्त्र कसले? आमच्या सौ.चे मत तिसरेच. "अहो, गाडी चालते ना? मग राहू द्या की तशीच!"

पंचेचाळीस हजार, अडीचशे आणि शून्य, असे तीन आकडे पुढे आले, तेव्हा मी ठरवले की आधी या रंगाची जात समजून घ्यावी.

मोटारीचा रंग म्हणजे एक थर नव्हे, चार थरांची उतरंड असते. कारखान्यात सबंध सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात. तो पत्र्याला गंजापासून राखतो. त्यावर अस्तर. त्यावर खरा रंग. आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला कारागीर 'क्लिअर' म्हणतात. चकाकी म्हणून जी आपण पाहतो ती या शेवटच्या थराची. चारही थर मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर मोटारीचा सारा साजशृंगार दोन केसांत आटोपतो. त्यातला पारदर्शक थर तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. एका केसाहूनही पातळ.

आता घासल्याने ओरखडा जातो म्हणजे नेमके काय होते? आपली समजूत अशी, की चर भरून येते. तसे काही होत नाही. चर जागच्या जागीच असते. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खरवडून आपण तिच्या तळापर्यंत खाली आणतो. वावरात एक खड्डा पडला म्हणून सबंध वावरच खड्ड्याइतके खाली उतरवावे, तसा हा प्रकार आहे. दर घासणीला दोन, तीन, कधी पाच मायक्रॉन निघून जातात, आणि गेलेला मायक्रॉन कोणत्याही बाटलीत परत मिळत नाही. ही ठेव कारखान्याने एकदाच दिलेली. तिच्यातून काढता येते, भर घालता येत नाही.

नागपूरसारख्या गावी तर ही ठेव फार जपून खर्चावी लागते. उन्हातल्या जंबुपार किरणांना अडवणारी रसायने त्या पारदर्शक थरात मिसळलेली असतात. थर पातळ झाला की छत्री विरली. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि नवतपाच्या दिवसांत दुपारी मोटारीच्या टपाला हात लावून पाहावा असे कोणी सुचवणार नाही. गावातल्या कुठल्याही वाहनतळावर थोडे हिंडा. टपावरचा आणि बॉनेटवरचा थर पांढुरका होऊन भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुटत चाललेला आहे, अशी एखादी तरी मोटार दिसेल. एकदा साल सुटू लागली की घासून उपयोग नाही, मेण लावून उपयोग नाही. तिथे रंगारीच हवा.

एवढे कळल्यावर प्रश्नाचे रूपच पालटले. घासावे की न घासावे हा प्रश्न सबंध मोटारीला विचारायचा नसतो. एकेका ओरखड्याला विचारायचा असतो. म्हणून मी एकेकाच्या गावी जाऊन आलो.

सर्वांत पुष्कळ होते ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. दिव्याखाली पाहिले की दिव्याभोवती फिरताना दिसतात. यांचे गाव म्हणजे सारे नागपूरच. सिव्हिल लाइन्समधले हिस्लॉप कॉलेज आपण सगळेच ओळखतो. १८८३ साली निघालेल्या या कॉलेजला ज्यांचे नाव दिले ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, तसेच भूगर्भाचे मोठे अभ्यासकही होते. नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांतले जीवाश्म त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धुंडाळले. आपले शहर दोन प्रकारच्या जमिनींच्या शिवेवर वसलेले आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनच्या लाव्ह्याचा काळा दगड इथे संपत येतो. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला लागतात त्याहून कितीतरी जुने खडक, आणि त्यांत गारगोटी भरपूर. कन्हानची वाळू चमकते ती या गारगोटीमुळे. गारगोटीने सुरीच्या पात्यावर रेघ उठते, मग मोटारीवरच्या त्या प्लास्टिकसारख्या मऊ थराची काय कथा? त्या वाळूची भुकटी, सिमेंटच्या रस्त्यांची धूळ आणि उन्हाळ्यातली वावटळ, हे सारे रात्रभर मोटारीवर बसते.

सकाळी सहाला गाड्या पुसणारा मुलगा येतो आणि कोरड्या फडक्याने ती धूळ झटकतो. झटकतो कसला, घासतोच! एका दृष्टीने माझ्या मोटारीचे पॉलिश रोजच चालू होते, फक्त उलट्या दिशेने. मी त्याला म्हटले, "आधी पाणी टाकत जा रे बाबा." तो म्हणाला, "काकाजी, पाणी कुठून आणू जी? तुमची टाकी तर सातलाच बंद होते." बोलणे रास्त होते. त्याला एक बादली भरून ठेवण्याची व्यवस्था केली, त्याला दोन मऊ फडकी दिली, आणि धूळ असेल त्या दिवशी पाणी नसेल तर हातच लावायचा नाही असे ठरले. ओरखडे काढण्याच्या कामातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा भाग. नळ उघडाच ठेवून फरशी पुसण्यात काय हशील?

दुसरा वर्ग पांढऱ्या ठिपक्यांचा. यांचा उगम शोधायला मला दहा पावलेही जावे लागले नाही. खिडकीतला कूलर! मार्च ते जून नागपूरचे प्रत्येक घर कूलरच्या आधाराने जगते. त्याला आम्ही बोअरचे जड पाणी भरतो. त्याचे तुषार खाली उभ्या मोटारीवर उडतात, उन्हात क्षणात वाळतात आणि मागे क्षारांची गोल खूण ठेवून जातात. ताजी खूण पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून, लगेच भरपूर पाण्याने धुतली तर निघते. जुनी मात्र थरात रुतून बसते. तीच गत कडुनिंबावरच्या पाखरांच्या विष्ठेची. तापलेल्या पत्र्यावर ती वाळत जाते, खालचा मऊ झालेला थर तिच्याबरोबर आवळतो, आणि पुसल्यावरही नकाशा उरतो. आमच्या रस्त्यावरच्या कडुनिंबाची सावली मला फार प्रिय आहे. तिचे भाडे असे चुकवावे लागते. अशा डागांतले उथळ असतील ते हलक्या पॉलिशने पुष्कळसे जातात. खोल गेलेल्यांच्या मागे लागू नये.

तिसरा वर्ग बाजाराचा. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी मोटार नेणारा मनुष्य एक तर परगावचा असतो किंवा सौ. बरोबर असतात. तिथे स्कूटरच्या हँडलांच्या टोकांनी मागच्या दारावर तीन काळ्या रेघा उमटल्या. जवळून पाहता कळले की या चरा नव्हेतच. हँडलाचे काळे रबर वर चिकटलेले आहे. अशी चिकटलेली रेघ बोटाला उंच लागते, गेलेली रेघ खोल लागते. रबराची रेघ केरोसीनच्या ओल्या बोळ्याने हलके पुसून, साबणाच्या पाण्याने धुतली की संपले. पंचेचाळीस हजारांतले तीन ओरखडे पाच मिनिटांत आटोपले, याचा मला झालेला आनंद सांगण्यासारखा आहे.

इतवारीची तऱ्हा वेगळी. तिथे किराणाओळी, सराफाओळी, लोहाओळी अशा मालामालाच्या ओळी आहेत, आणि एकेका ओळीतून हातगाड्या, सायकली, गाई आणि गिऱ्हाइके एकाच वेळी दोन्ही दिशांना जातात. लोहाओळीतून सळयांची हातगाडी जात होती. सळईच्या टोकाने उजव्या दारावर वीतभर रेघ ओढली. ती पांढरी होती आणि नखाला लागत होती. हातगाडीवाला थांबला, त्याने रेघेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काकुळतीने म्हणाला, "बाबूजी, गल्लीच एवढी आहे." त्याच्याशी वाद घालण्यासारखे काही नव्हते. ती ओळ मोटारी निघण्याच्या कितीतरी आधीची आहे.

चौथा वर्ग समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. शिवमडक्याला चढलो की मोटारीला ताशी १२० ची मुभा. शिर्डीहून आलो तेव्हा बॉनेटवर किड्यांची रांगोळी होती, आणि ती धुतल्यावर खाली सात बारीक खड्डे निघाले. पुढच्या वाहनाच्या चाकाने उडवलेल्या खड्यांचे हे काम. दोन ठिपक्यांत तर तांबूस छटा दिसली. म्हणजे खडा चारही थर फोडून पत्र्याला भेटून आला होता. असल्या खड्ड्याला पॉलिश करणे म्हणजे भोक पडलेल्या छत्रीला इस्त्री करणे. तिथे रंग भरावा लागतो, आणि तोही गंज पसरण्यापूर्वी. मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाजवळ एक छोटी पट्टी असते, तिच्यावर रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकाची छोटी कुपी मिळते. दात कोरायच्या काडीच्या टोकाने एकेका ठिपक्यात थेंबभर रंग सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. यापलीकडे यात कौशल्य नाही, धीर लागतो.

एवढ्या तपासानंतरही एक शंका उरली होती. आमच्या तरुणपणी लोक सर्रास मोटारी घासत आणि त्या लख्ख होत. मग आताच एवढे जपायचे का? याचे उत्तर मला वाडीला मिळाले. अमरावती रस्त्यावरची ही वाडी म्हणजे मालट्रकांची राजधानी. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारही दिशांचा माल इथे उतरतो, चढतो आणि मुक्काम करतो. ट्रक रंगवणाऱ्या एका शेडमध्ये एक वयस्क कारागीर भेटले. साठीच्या पुढचे, बोटे निळी-पिवळी झालेली. मी माझा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "साहेब, अँबॅसिडर घासली की फडक्यावर रंग येत होता. आपल्याले समजत होते, किती गेला ते. आता बिनरंगाचा माल घासता तुम्ही. फडके पांढरेच्या पांढरे. ज्या दिवशी फडक्यावर निळा रंग येईल, त्या दिवशी समजा, गेली!"

जुन्या मोटारींचा रंग आणि चकाकी एकाच थरात असे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. हा धंदा अजूनही 'ड्युको' हा शब्द वापरतो. तो शब्द आहे अमेरिकेतला. ड्यूपाँ कंपनीने काढलेल्या लॅकरचे ते नाव, आणि जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर ते प्रथम लागले. त्यापूर्वी बग्ग्यांसारखे वॉर्निश चढवून मोटार सुकायला आठवडेच्या आठवडे लागत. ड्युकोने ते काम दिवसांवर आणले. पुढे एनॅमल आले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस पारदर्शक थराची चाल रूढ झाली. रंग गेला, कंपनीची मक्तेदारी गेली, पण नागपूरच्या पाट्यांवर 'ड्युको पेंटिंग' राहिले. शब्दाबरोबर सवयही राहिली. थरांची रचना बदलली तरी घासणारा हात जुन्याच हिशेबाने चालतो, आणि फडके आता इशारा देत नाही.

त्याच कारागिरांनी मला दोन कसोट्या सांगितल्या, त्या वाचकांनी कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली पाण्याची. धुतलेल्या ओरखड्यावर पाणी सोडा. पाण्यात तो दिसेनासा झाला तर वरच्याच थरात आहे. दुसरी नखाची. ओरखड्याच्या आडवे नख हळूच ओढा. नख अडकले तर तो खोल आहे, त्याला घासून काढायला जाऊ नका. "पाण्यात लपला तर ओरखडा, नखाले लागला तर जखम," असे ते म्हणाले. पैसे विचारले तर हसले. "बोलण्याचे काय पैसे घेता जी?"

तिसरी कसोटी यंत्राची. मोटारी चमकवून देणाऱ्या एका दुकानात पत्र्यावर टेकवायचे लहानसे मापक होते. ते रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगते. दोनशे रुपयांत त्यांनी सबंध मोटार मोजून दिली. टप १०८, बॉनेट ११५, डावी दारे ११२ आणि ११०. उजव्या पुढच्या चाकावरचा पंखा मात्र २६०! म्हणजे माझ्याकडे येण्यापूर्वी कधी तरी तो पुन्हा रंगवलेला होता. विकताना याविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते. आमच्या झिरो माइलच्या दगडाजवळ मोजणीखात्याची १९०७ सालची उंचीची खूण आहे. सारा देश मोजणाऱ्यांनी तिथे रोवलेला तो पाया. त्याच गावात एका दुकानदाराने माझ्या मोटारीचा इतिहास मोजून दाखवला. आकड्यांनी एक गोष्ट पक्की झाली: उरलेला सारा रंग कारखान्यातला मूळचा होता. कारखान्यात तो सुमारे दीडशे अंशांच्या भट्टीत भाजून पक्का करतात. मोटार तयार झाल्यावर आत रबर, तारा, गाद्या, प्लास्टिक असते, तेव्हा ती भट्टी पुन्हा शक्य नाही. पुरी गाडी रंगवली असती, तर तो भाजलेला रंग खरवडून त्यावर नवा चढवण्याचे पंचेचाळीस हजार मी मोजले असते. नवरी नवी खरी, पण कातडे काढून!

विम्याचाही विचार झाला. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की ही शिडी पुन्हा तळापासून. शिवाय माझ्यासारख्या लहान मोटारीला दर दाव्यातले पहिले एक हजार आपलेच. ओरखड्यांसाठी पन्नास टक्क्यांची पायरी सोडणे व्यवहाराला धरून नव्हते.

आता राहिला शेवटचा ओरखडा, आणि खरे पाहता याच्याचसाठी मला घाई होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. इकडे इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, तिकडे गल्लोगल्ली पोरे चाकांचे लाकडी बैल सजवून ओढतात, घरोघर नेतात आणि बोजारा गोळा करतात. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आपला बैल घेऊन आमच्या फाटकातून आला. बैल मोठा दणकट. चाकांच्या आसाचे लोखंडी टोक बाहेर आलेले. मोटार आणि भिंत यांच्यामधून तो ओढत आला, आणि डाव्या मागच्या दारावर दीड हात लांब रेघ उमटली. त्याच्या लक्षात आले तेव्हा बैल तिथेच टाकून तो पळाला. त्याची आई संध्याकाळी आली, "काका, भरपाई काय असेल ती सांगा," म्हणाली. आम्ही तिला चहा पाजून परत पाठवले. पण तेव्हापासून पोरगा आमच्या घरी यायचा बंद झाला. एरवी रोज दुपारी सौ.च्या हातची पोळी-साखर खाणारा मुलगा; तो आता आमच्या फाटकासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाई. सौ.ना मोटारीचे काहीच वाटत नव्हते, याचे मात्र फार वाटत होते. दिवाळीचा फराळ त्याच्यावाचून व्हायचा नाही, असे त्यांनी मला बजावले.

दसरा झाल्यावर एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो आणि म्हटले, "मला एक मदतनीस पाहिजे. टॉर्च धरायला." तो आईच्या पदराआडून म्हणाला, "आजोबा, तुम्ही रागावले नाही ना?" मी म्हटले, "टॉर्च धरतोस की नाही?" आला.

सकाळी सातला पोर्चच्या सावलीत काम सुरू केले. पत्रा थंड असला पाहिजे, नाही तर कंपाऊंड लावल्याबरोबर वाळते. दोन बादल्या, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके विसळायला साधे. दार दोनदा धुतले. मग मुलाने तांब्याने त्या रेघेवर पाणी सोडले, आणि ओरडला, "आजोबा, गेली!" पाणी ओघळले आणि रेघ परत आली. पुन्हा पाणी, पुन्हा गेली. हा खेळ त्याने दहा वेळा केला. त्यात आम्हाला दिसले की रेघेचा मोठा भाग पाण्यात लपतो; शेवटची चार बोटे मात्र लपत नाहीत. तिथे आसाचे टोक रुतले होते आणि नख अडकत होते.

दाराच्या कडा आणि मधली उंच धार यांवर कागदी चिकटपट्टी लावली. धारेवर रंग सर्वांत पातळ बसतो आणि घासणी तिथेच सर्वांत जोरात लागते. मग सर्वांत सौम्य पॉलिश घेतले. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कोणाला न दिसणाऱ्या जागी, करून पाहिले. स्पंजाच्या मऊ चकतीवर वाटाण्याएवढे थेंब घेऊन, वीतभर जागेत, हलक्या हाताने, एकदा आडवे, एकदा उभे. पुसायचे, टॉर्च मारायचा, पाहायचे. पहिल्या खेपेला रेघ मळकट झाली, दुसऱ्या खेपेला अर्धी राहिली, तिसऱ्या खेपेला तिरप्या प्रकाशातच दिसेल एवढी. फडक्यावर निळा रंग नव्हता, पण फडके काही सांगत नाही हे मला आता ठाऊक होते. मी चकती खाली ठेवली.

"अजून घासा ना आजोबा, थोडीच राहिली आहे," मुलगा म्हणाला. त्याचा जीव त्या चार बोटांत अडकला होता. मी त्याला सांगितले, की ही राहिलेली घासायला गेलो तर सभोवतालचे चांगले जाईल. मग कुपी काढली, त्याच्या हातात दात कोरायची काडी दिली, आणि ती चार बोटांची चर त्यानेच भरली. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, थेंब थेंब. रंग थोडा उंच बसला. उन्हात पाहिले तर ती निळी शिवण स्पष्ट दिसते. लोहाओळीची रेघ मी नंतर तशीच भरली. तिच्यापेक्षा याची शिवण सरस आहे. गोल जाळ्यांपैकी फक्त दोन दारे आणि बॉनेट एकेकदा हलक्या हाताने केली. टप सोडून दिला. तिथे ऊन सर्वांत जास्त, आणि वर चढून पाहणारे कोणी नाही. शेवटी सगळीकडे मेणाचा एक हात. पॉलिश, चिकटपट्टी, कुपी, स्पंज, फडकी आणि मेण मिळून बाराशे साठ रुपये आणि दोन रविवार लागले.

ज्यांच्या मोटारीवर ओरखडे आहेत त्यांना मी इतकेच सांगेन. आधी धुवा, मग पाणी सोडून पाहा, मग नख लावा. पाण्यात लपेल ते घरच्या घरी, सावलीत, सर्वांत सौम्य मालाने आणि थोडे राखूनच काढा. नखाला लागेल ते भरा, नाही तर राहू द्या. साल सुटली असेल किंवा पत्रा चेपला असेल तर कारागिराकडे जा आणि त्याला त्याच्या कामाचे पुरते पैसे द्या. आणि कोणी पुरी गाडी रंगवा म्हणाला, तर आधी दोनशे रुपये देऊन जाडी मोजून घ्या.

मुलगा आता पुन्हा रोज दुपारी येतो. चकल्या तळायच्या दिवशी तर सकाळीच हजर होता. येताना त्याने बैल आणला होता. त्याच्या आसाच्या दोन्ही टोकांवर आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवून तारेने आवळले आहेत. तारेची टोके आत वळवली आहेत.